उपाशी गाडी

गाडी दुरुस्त करायची, ताईला तिच्या मुलीकडे पोचवायचं आणि गॅरेजचं शटर ओढून त्याला कायमचं कुलूप घालायचं, एवढाच मिस्त्रीचा बेत होता. बेत काही मोठा नव्हता. पण जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या ढकलता ढकलता माणूस अशा ठिकाणी येतो, की आता त्यालाच कुणीतरी ढकलावं लागतं. गुडघे कुरकुरत होते, कंबर धरली होती आणि सकाळी डोळे उघडले की दिवस संपत आल्यासारखं वाटायचं. थकवा आधी पाहुण्यासारखा येऊन जायचा. आता घरजावयासारखा ठाण मांडून बसला होता.

ताई त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा मिस्त्री शाळेतही जात नव्हता. त्याला न्हाऊ घालणारी, जेवू घालणारी, पाठीत धपाटा घालणारी तीच. लग्न त्यानं केलं नाही. भाऊजी गेल्यापासून ताई त्याच्याकडेच, गॅरेजमागच्या दोन खोल्यांत राहत होती. जगात आपलं म्हणून जे काही असतं, ते त्याच्यापुरतं ताईपाशी सुरू होऊन ताईपाशीच संपायचं.

ताईच्या मुलीला पहिलं बाळ झालं, आणि ती हट्टाला पेटली. आई, तू आता इकडेच ये, कायमची. ताई तयार झाली, पण एका अटीवर.

"जाईन तर ह्यांच्या गाडीतूनच जाईन," ती म्हणाली. "पोरीला दवाखान्यातून घरी त्याच गाडीतून आणलं होतं. तिच्या पोराला बघायला बसनं जाऊ होय?"

मुलीचं गाव म्हणजे दिवसभराचा रस्ता. आणि गाडी होती भाऊजींच्या तरुणपणातली. लांब नाकाची, फिकट हिरवी, दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज करणारी. फ्युएल इंजेक्शनच्या अगदी पहिल्या गाड्यांपैकी एक. ताई तिला सवत म्हणायची. भाऊजींनी त्या सवतीचे लाडही तसेच केले. दुसऱ्या कुणाला चालवायला दिली नाही, बॉनेटला मिस्त्रीचाही हात लागू दिला नाही. "हिला काही लागतच नाही," असं अभिमानानं सांगायचे. ते खरंच होतं. त्या गाडीला कधी काही झालं नाही. झालं ते भाऊजींना. चांगला दणकट माणूस वर्षावर्षानं सुकत गेला. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही सापडलं नाही. शेवटी म्हणाले, हृदय दमलं.

आणि ते गेल्यानंतर ताडपत्री काढून गाडी सुरू केली, तर गाडी आजारी.

आजार ओळखायला मिस्त्रीला वेळ लागला नाही. पिकअप नाही, चढावर झटके, मधूनच नळीत फुसकन उडणारा फटाका. प्लग काढून बघितले तर पांढरे फटक. इंजिनाला पेट्रोल आणि हवा ठरलेल्या मापात लागते. या गाडीत एक पत्र्याची डबी असते, ती आत येणाऱ्या हवेचा अंदाज घेते आणि त्या बेतानं पेट्रोल फवारायला लावते. डबीच्या नकळत कुठल्या तरी भोकातून चोरटी हवा शिरली, की पेट्रोल कमी पडतं. धंद्यातली माणसं म्हणतात, गाडी लीन चालते. मिस्त्री म्हणायचा, उपाशी चालते. उपाशी इंजिन थंड राहत नाही, उलट तापतं. दम धरून चालतं आणि एक दिवस स्वतःचंच पिस्टन जाळून बसतं.

तेव्हा प्रश्न एकच होता. हवा कुठून शिरते? नाहीतर पेट्रोल कुठं अडतं?

त्यानं पेट्रोलचा दाब मोजला, दाब बरोबर. इंजेक्टर काढून धुतले, फवारा बघितला, फवारा एकसारखा. रबरी नळ्या वाळून तडकल्या होत्या, त्या सगळ्या बदलल्या. पॅकिंग नवीन घातलं. गाडी सुरू ठेवून प्रत्येक जोडावर स्प्रे मारून बघितला, कारण जिथं गळती असेल तिथं स्प्रे आत ओढला जातो आणि इंजिनाचा आवाज बदलतो. आवाज बदलला नाही.

या सगळ्याला पेडलवर एक पाय लागतो. मिस्त्रीचं डोकं बॉनेटखाली, त्यामुळे आत कुणीतरी बसायला हवं. ताई बसायची. मिस्त्री पुढून ओरडायचा, "रेस दे... धर... धर... सोड." आणि शाळेत शिकवताना पंचवीस पोरांना एका नजरेत गप्प करणारी ताई धाकट्या भावाचं मुकाट ऐकायची.

गंमत अशी, की ताई रेस द्यायची तेव्हा गाडी लोण्यासारखी चालायची. काटा जागच्या जागी. सायलेन्सरचा वास गोड. मिस्त्री हात पुसून म्हणायचा, "झालं! सापडलं!" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच ट्रायल मारायला निघायचा. पहिल्या चौकातच झटके.

असं एकदा नाही, कितीदा तरी झालं. गॅरेजमध्ये धडधाकट, रस्त्यावर मरणपंथाला. त्यानं टाकी उतरवून धुतली, पंप बदलला, वायरिंग तारेतारेनं तपासलं. या इंजिनानं त्याच्या नाकी नऊ आणले. आयुष्यभर लोकांना "बघतो, होईल" म्हणणारा माणूस आता रात्री छताकडे बघत नळ्या मोजायचा.

आणि या खटपटीत ताई वाळत चालली होती. आधी त्याच्या लक्षातच आलं नाही. दमलेल्या माणसाला दुसऱ्याचा दमलेपणा लवकर दिसत नाही. मग एकदा गाडीतून उतरताना तिनं दाराला धरलं ते सोडलंच नाही. ओठ कोरडे, नखं पांढरी. हात हातात घेतला तर वजनच नाही.

"तू आता बसायचं नाहीस," मिस्त्री म्हणाला. "धुराचा त्रास होतोय तुला."

"धुराचं काही नाही रे छोट्या." पन्नाशी उलटलेल्या भावाला ती अजून छोट्याच म्हणायची. "उलट आत बसलं की बरं वाटतं. अंगावरचं ओझं कुणीतरी अलगद उतरवून घेतंय... असं."

"कोण उतरवून घेतंय?"

"ते काही कळत नाही बघ," ती म्हणाली आणि भिंतीला धरत खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तीच कसरत. मिस्त्री नको म्हणत असताना ताई येऊन बसलीच होती. गाडी सुरू, आवाज एकसारखा, मिस्त्रीचा हात इंजिनावर. तेवढ्यात ताईला गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं. ती उतरली आणि आत गेली. तिनं दार लावलं मात्र, इंजिन अडखळलं. भुकेल्या पोरासारखं कण्हायला लागलं. झटके, फटाका, काटा खाली-वर. मिस्त्रीनं स्वतः तारेनं रेस दिली. काही उपयोग नाही. गॅस बंद करून ताई परत आली, सीटवर टेकली. इंजिन शांत झालं.

"काय झालं रे?"

"काही नाही. परत उतर बघू."

ती उतरली. झटके. ती बसली. शांत.

आता मिस्त्री हा काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. त्यानं मिस्त्रीसारखाच विचार केला. सीटखालून वायर जाते, ताईच्या वजनानं ती दबते आणि कुठंतरी टेकते, एवढंच असणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्यानं सीट उपटली. खाली वायर नव्हती. तरी खात्री म्हणून सीट परत बसवून तिच्यावर रेतीचं पोतं ठेवलं. गाडी उपाशीच. वर दोन जुन्या बॅटऱ्या ठेवल्या. उपाशीच. शेवटी स्वतः जाऊन बसला. तरीही उपाशी, फार तर झटके थोडे हळू आले. ट्रायललाही तोच तर बसत होता.

"माझ्यात घेण्यासारखं उरलंय काय," तो स्वतःशीच म्हणाला आणि हसला. हसल्यावर त्याला ते वाक्य आवडलं नाही.

एक तपासणी राहिली होती. धुराची. रंगाच्या रिकाम्या डब्यात तेल घालायचं, ते तापवून त्याचा दाट पांढरा धूर करायचा आणि टायर भरायच्या विजेच्या पंपानं हलका दाब देऊन तो बंद इंजिनाच्या नळीत सोडायचा. बाकीची तोंडं बोळे कोंबून बंद करायची. मग मुकाट बघत बसायचं. जिथून धूर बाहेर येईल, तिथं भोक. धूर खोटं बोलत नाही. बंद इंजिनातून धूर ज्या वाटेनं बाहेर येतो, त्याच वाटेनं चालू इंजिन आत ओढत असतं.

संध्याकाळ होत आली होती. वारा नको म्हणून त्यानं शटर अर्धं ओढलं. वर एकच दिवा. ताई गाडीत जाऊन बसली होती. आज तिचं काही काम नव्हतं तरी बसली होती. काचा वर, डोकं मागे टेकलेलं. सांगून सांगून मिस्त्रीचं तोंड दुखलं होतं.

डबा तापला. तेलाचा गोडसर, जळका वास पसरला. धूर नळीत शिरू लागला, आणि मिस्त्री टॉर्च घेऊन एकेका जोडापाशी वाकून बघू लागला. इंजेक्टर कोरडे. मॅनिफोल्ड कोरडं. नळ्या, पॅकिंग, ब्रेकचा बूस्टर... कुठंच काही नाही. धूर मात्र आत जातच होता. इतका धूर त्या इंजिनात मावलाच नसता. मग जातो कुठं?

सगळं फार शांत झालं होतं. फक्त पंपाचा श्वास, वर, खाली.

"छोट्या," आतून ताईचा आवाज आला. "झालं का रे?"

त्यानं मान वर केली. काचेपलीकडे ताई त्याच्याकडे बघत होती. तिच्या ओठांतून पांढऱ्या धुराचा एक धागा वर चढत होता.

"काय रे?... असा काय बघतोस?"

प्रत्येक शब्दाबरोबर धूर. दाट, पांढरा. तिला ठसका नाही, काही नाही. बोलणं थांबलं की तो नाकपुड्यांतून संथ निथळत होता आणि तिच्या मांडीवर साठत होता.

गळती सापडली होती. पुढचं मिस्त्रीच्या डोक्यानं त्याला न विचारताच जुळवलं. गाडी सुरू असेल तेव्हा याच वाटेनं आत ओढलं जातं. आणि जे ओढलं जातं ती हवा नव्हे. हवेनं गाडी उपाशी राहिली असती. ही तर जेवत होती. इतकी वर्षं हिला काही लागलंच नाही, कारण इतकी वर्षं भाऊजी तिथं बसत होते.

त्यानं पंप लाथेनं उडवला, दार उघडलं आणि ताईच्या काखेत हात घालून तिला बाहेर ओढलं. त्या हलक्या देहात कुठून जोर आला कोण जाणे, ती स्टीअरिंगला दोन्ही हातांनी चिकटून राहिली.

"थांब ना... पोट भरलेलं नाही अजून."

"कुणाचं?"

तिची पकड सुटली. ती बावचळून त्याच्याकडे बघू लागली. "काय कुणाचं?" म्हणाली. तिला काहीही आठवत नव्हतं.

मिस्त्रीनं तिला त्यातलं अवाक्षर सांगितलं नाही. काय सांगणार? इंजिन फुटलंय, आता होणार नाही, एवढंच म्हणाला. ताई रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. सकाळ होताच त्यानं जावयाला फोन केला. जावई आपली गाडी घेऊन आला आणि तिला घेऊन गेला. निघताना ताई रडली, आणि मिस्त्रीला वाटलं, रडू दे. जिवंत माणूस रडतं.

मग त्यानं ती हिरवी गाडी खोलली. डबी काढली, इंजेक्टर काढले, पेट्रोल उपसलं, साखळीला लटकवून इंजिनच बाहेर घेतलं आणि सुटं सुटं करून ठेवलं. कामाला हात लागायचे तेव्हा भीती वाटायची. संपलं तेव्हा फक्त थकवा राहिला. पण या थकव्याला एक समाधान होतं. ताई वाचली होती.

आणि खरंच वाचली. मुलीचे फोन यायचे. आई आज दोनदा जेवली. आई आज खाली फिरून आली. आईनं आज आपणहून मला रागावलं. मिस्त्री प्रत्येक फोननंतर चहा करून घ्यायचा आणि दारात खुर्ची टाकून बसायचा. शटरला कायमचं कुलूप घालायचं तेवढं राहून जात होतं. पण आता कसलीच घाई नव्हती.

महिने असेच गेले. एका सकाळी भाचीचा फोन आला. तिचा आवाज जड होता, शब्दांमध्ये मोठाली अंतरं पडत होती.

"मामा, आई तुला आता ओळखूच यायची नाही. गाल वर आलेत. जिने धावत चढते. केसांत... काळे केस दिसायला लागलेत, मामा."

"अरे वा!" मिस्त्री म्हणाला. "आणि तू कशी आहेस?"

"मी बरी आहे. दमायला होतं जरा. आईजवळ बसून उठलं की पायच लटपटतात. बाळंतपणानंतर होतं म्हणतात असं."

"बाळ?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"वाढत नाही रे ते. दूध पितं, पण अंगी लागत नाही. किती तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणतात, काही सापडत नाही."

मिस्त्रीनं हातातली कपबशी खाली ठेवली. "रडतं का?" त्यानं विचारलं.

"आधी रडायचं. आता नाही. आई दिवसभर मांडीवर घेऊन बसते ना, हूं नाही की चूं नाही. तिला तर त्याच्याशिवाय चैनच पडत नाही."

समोर साखळीखाली इंजिनाचे तुकडे पडले होते. मिस्त्री त्यांच्याकडे बघत राहिला. नळी काढली की उघड्या तोंडाला बूच मारायचं असतं. धंद्यात नवीन आलेला माणूसही पहिल्या दिवशी हे शिकतो. त्यानं एका टोकाची गाडी तेवढी मोडली होती. दुसरं टोक तसंच उघडं ठेवून, उपाशी, त्यानं ते लेकुरवाळ्या घरात पाठवून दिलं होतं. आणि दिवसभराच्या रस्त्यावरच्या त्या घरी बसनं पोचायला रात्र होणार होती, त्याच्याकडे आता चालती गाडीसुद्धा नव्हती.

"आत्ता कुठं आहे बाळ?"

"तिच्याजवळच. दे का आईला?"

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मग ताईचा आवाज आला. खणखणीत, भरलेला, मिस्त्रीनं तो लहानपणी ऐकला होता, त्यानंतर कधीच नाही.

"छोट्या! जेवतोस ना रे नीट?"

"ताई," मिस्त्री हलक्या आवाजात म्हणाला, "बाळाला खाली ठेव."

"का रे?"

"पाळण्यात ठेव. हात लावू नकोस त्याला. मी येतोय... मी येईपर्यंत हात लावू नकोस."

"ठेवलं होतं रे मगाशी," ताई म्हणाली. "पण ठेवलं ना, की मलाच कसंतरी होतं. छातीत धक्के बसतात, जीव अडखळतो. म्हणून घेतलं पुन्हा."

मिस्त्रीनं फोन कानाशी घट्ट धरला.

"आता बरं वाटतंय बघ," ती प्रेमानं म्हणाली. "अगदी एकसारखं."